जबड्याचा सांधा: स्प्लिंट, व्यायाम, सुया, गोळ्या… नक्की कशाने फरक पडतो?

कटकट_नको

दीड वर्षापूर्वी जांभई देताना उजव्या कानापुढे टक्‌ असं वाजायला लागलं. दुखत नव्हतं, म्हणून कानाडोळा केला. वर्षभरापूर्वी दुखायला लागलं तेव्हा कानच दुखतोय असं समजून कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आत बघितलं, कान ठणठणीत म्हणाले. मग कानाच्या भोकाच्या जरा पुढे बोट दाबून ठेवलं आणि तोंड उघडायला लावलं. मी खुर्चीतून उठलेच.

तिथून पुढे प्रत्येकाचं वेगळं. एका डेंटिस्टने रात्री दातांवर लावायचा साचा, म्हणजे स्प्लिंट, करून दिला. आठ महिने लावतेय, दुखणं कधी कमी कधी जास्त, बस्स. दुसऱ्याने सांगितलं की तुमचा चावाच जुळत नाही, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, आधी दोन दाढा घासून सारख्या करू, मग ब्रेसेस. मैत्रीण म्हणते फिजिओ गाठ. ऑफिसातली एक जण बोटॉक्स घेऊन आली आहे. आणखी कुणी म्हणतं, सुया टोचून घे.

दोन महिन्यांपूर्वी नवीनच प्रकार झाला. एका सकाळी टक्‌ वाजणं अचानक बंद. मला आनंद झाला. दात घासायला गेले तर ब्रश दाढेपर्यंत जाईना. तेव्हापासून तोंडात जेमतेम दोन बोटं मावतात.

ऑपरेशन कुणी सुचवलेलं नाही आणि मला करायचंही नाही. ज्यांनी यातलं काही स्वतः करून बघितलंय त्यांनी लिहा. काय केलं, किती दिवस, काय फरक पडला. 'टेन्शन घेऊ नका' एवढंच लिहायचं असेल तर नाही लिहिलं तरी चालेल.

रात्रपाळी

मी स्प्लिंटवाला. कडक अ‍ॅक्रिलिकचा, वरच्या सगळ्या दातांवर बसणारा. सकाळी उठल्यावर कानशिलं ठणकायची ती तीन आठवड्यांत थांबली. गेली चार वर्षं लावतोय. एकदा प्रवासात घरी विसरलो तर दोन रात्री धड झोप नाही. लोक काहीही म्हणोत, माझ्यासाठी हाच उपाय.

बिनकामाचा

माझाही दुखायचा. लग्नानंतर बोलणं कमी झालं आणि आपोआप बरा झाला.

दातओठ

मी दातांच्याच धंद्यात आहे आणि स्प्लिंट मीही करून देतो. माझं बोलणं तेवढं पारखून घ्या.

ताई, तुमच्या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटाकडे टाकली आहे. टक्‌ बंद झालं आणि त्याच सकाळी तोंड उघडेना. हे दोन्ही एकच आहे.

हा सांधा दोन कामं करतो. पहिले वीस-पंचवीस मिलिमीटर तोंड उघडतं तेव्हा खालच्या जबड्याचं गोल डोकं खोबणीतल्या खोबणीत फिरतं, दाराच्या बिजागरीसारखं. त्याच्या पुढे उघडायचं तर ते डोकं खोबणीतून पुढे घसरावं लागतं. मध्ये एक लवचीक चकती असते, ती त्याच्याबरोबर पुढे-मागे जाते. काही लोकांची चकती पुढे सरकून बसते. तोंड उघडताना डोकं तिच्यावर चढतं, ते तुमचं टक्‌. कधीतरी डोक्याला तिच्यावर चढताच येत नाही. मग आवाज संपतो, घसरणंही संपतं आणि तोंड बिजागरीपुरतंच उघडतं. आरशासमोर उभं राहून सावकाश तोंड उघडा. हनुवटी उजवीकडे झुकत असेल तर माझा अंदाज बरोबर. पण तो अंदाजच. तपासणी करून घ्या.

घाबरू नका. बऱ्याच जणांचं तोंड काही महिन्यांत हळूहळू उघडायला लागतं, चकती जागेवर आली नाही तरी. आणि नुसतं वाजणं, दुखत नसेल तर, त्यावर उपचार लागत नाही. वाजणारे सांधे घेऊन अख्खं आयुष्य मजेत काढणारे पैशाला पासरी आहेत.

आता तुलनेचं. २०२३ च्या डिसेंबरात बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक मार्गदर्शक तत्त्वांचा लेख आला, तीन महिन्यांहून जुन्या जबडेदुखीवर. त्यांनी सगळ्या उपायांची प्रतवारी लावली. वरच्या पंगतीत कोण, तर फिजिओच्या देखरेखीखालचे जबड्याचे व्यायाम आणि स्नायू ताणणं, मान-खांद्यांची ठेवण सुधारणारे व्यायाम, हाताने सांधा हलवणं, स्नायूतल्या गाठी हाताने दाबून सोडवणं, सीबीटी म्हणजे विचार-वर्तनाची थेरपी, आणि घरच्या घरी करायची काळजी. खालच्या पंगतीत, 'शक्यतो नको' म्हणून, कोण बसलंय ते वाचून माझ्या व्यवसायबंधूंना ठसका लागला. काढता-घालता येणारा स्प्लिंट. त्याच्याच शेजारी बोटॉक्स, लेझर, त्वचेवरून सौम्य वीज सोडणारं टेन्सचं मशीन, सांध्यातली स्टेरॉइड आणि हायल्युरॉनिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं, नसांच्या दुखण्यावरची गोळी गॅबापेंटिन. आणि 'अजिबात नको' या यादीत चावा कायमचा बदलणारे स्प्लिंट, चकती काढून टाकायची शस्त्रक्रिया, आणि नेहमीच्या वेदनाशामकांसोबत अफूवर्गातल्या गोळ्या.

तेव्हा दाढा घासायच्या आधी थांबा. घासलेला दात परत उगवत नाही.

रात्रपाळी

म्हणजे चार वर्षं माझं डोकं दुखायचं उगाचच थांबलंय?

दातओठ

नाही हो. 'शक्यतो नको' म्हणजे बऱ्याच लोकांचे आकडे एकत्र केल्यावर दुखण्यात भरवशाचा फरक दिसला नाही. त्यात तुमच्यासारखा एखादा असतोच. शिवाय तुम्ही झोपेत दात खात असाल तर स्प्लिंट दात झिजण्यापासून वाचवतो, ते त्याचं खरं काम. दात वाचवणं आणि दुखणं घालवणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आम्ही डेंटिस्ट लोक पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवून देतो.

तुमचा आहे तसा कडक, सगळे दात झाकणारा आणि फक्त रात्री लावायचा असेल तर बिघडायला फारसं काही नाही. फक्त पुढच्या दातांवर बसणारे छोटे असतात, त्यांच्यापासून सांभाळा. मागच्या दाढांना महिनोन्‌महिने टेकायला काही मिळालं नाही की त्या वर येऊ शकतात, मग चावा खरंच बिघडतो. आणि दिवसरात्र कुठलाही लावू नका.

चौकस

एक शंका. जुळत नसलेल्या चाव्यामुळेच हे होतं असं मी सगळीकडे वाचलंय. ते खोटं?

दातओठ

त्याचं मूळ १९३४ पर्यंत जातं. जेम्स कॉस्टन नावाचे अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञ. कान दुखणं, कानात आवाज, चक्कर असलेले रुग्ण त्यांनी पाहिले आणि दाढा गेल्यामुळे जबडा जास्त मिटतो, सांध्यावर दाब येतो, असा निष्कर्ष मांडला. रोगाला त्यांचं नावही मिळालं. त्यांची कारणमीमांसा पुढे टिकली नाही, पण 'चावा दुरुस्त करा' हे मात्र दवाखान्यांत घट्ट बसलं. आम्हाला दात दिसतात, दातच दुरुस्त करता येतात. वाकडे दात असलेल्या बहुतेकांचा जबडा दुखत नाही, आणि सरळ बत्तिशीवाले रडत येतात. नवीन कॅप उंच बसून दुखायला लागलं तर गोष्ट वेगळी, ती लगेच कमी करून घ्यावी.

हाडवैर

फिजिओ आहे. धागा माझ्यासाठीच काढल्यासारखा वाटला, म्हणून लांबलचक लिहितो.

पहिली गोष्ट व्यायाम नाहीच. आत्ता वाचताना तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का बघा. टेकले असतील तर तिथेच अर्धं दुखणं आहे. दात फक्त चावताना आणि गिळताना टेकायचे असतात. एरवी ओठ मिटलेले, दातांत दोन-तीन मिलिमीटर फट, आणि जीभ टाळूला अलगद. 'न' म्हणा आणि जीभ तिथेच राहू द्या. ती जागा. जीभ तिथे असताना दात आवळायला मुद्दाम जोर लावावा लागतो.

मी रुग्णांना रंगीत टिकल्या चिकटवायला सांगतो. मॉनिटरच्या कोपऱ्यावर, फोनच्या पाठीवर, फ्रिजच्या दारावर. टिकली दिसली की दात सोडायचे. पहिले दोन दिवस लोक हसतात. तिसऱ्या दिवशी चिडून फोन करतात, की अहो माझे दात दिवसभर आवळलेलेच असतात!

मग व्यायाम. जीभ 'न'च्या जागी ठेवूनच तोंड उघडायचं, ती सुटणार नाही एवढंच. दोन्ही तर्जन्या कानापुढच्या सांध्यांवर. आरसा समोर. हनुवटी सरळ रेषेत खाली आली पाहिजे, साप गेल्यासारखी नाही. सहा वेळा. मग मूठ हनुवटीखाली ठेवून अगदी हलका विरोध देत उघडायचं, सहा वेळा. एक बोट हनुवटीच्या बाजूला लावून जबडा न हलवता त्या बाजूला दाबायचा, दोन्हीकडे. हलका म्हणजे किती? अंडं फुटणार नाही एवढा. चिलीचे फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबादो यांच्या नावाने सहा व्यायाम, प्रत्येक सहा वेळा, दिवसातून सहा वेळा, अशी एक पद्धत प्रसिद्ध आहे. त्यात जीभ, मान आणि खांदेही येतात. दिवसातून सहा वेळा कुणी करत नाही. तीन वेळा केले तरी मी खूश असतो.

मालिशीला अंगठा गालाच्या आत आणि दोन बोटं बाहेर. दात आवळल्यावर गालात जो फुगवटा येतो तो मॅसेटर. दात सोडा आणि त्यात दुखरा बिंदू शोधा. सापडला की जोराने चोळायचं नाही, तीस सेकंद धरून ठेवायचं, विरघळल्यासारखा होतो. आधी पंधरा मिनिटं गरम ओला टॉवेल. ताजी सूज किंवा मार असेल तर बर्फ.

ताई, तुमची केस अडकलेल्या चकतीची असेल तर घरचे व्यायाम पुरणार नाहीत. हातमोजा घालून अंगठा खालच्या दाढांवर ठेवतात आणि जबडा खाली-पुढे ओढून सांधा मोकळा करतात. हे प्रशिक्षित माणसाकडूनच. व्हिडिओ बघून घरच्यांकडून करून घेऊ नका. आणि हे जितकं लवकर तितकं बरं, दोन महिने झालेत म्हणून म्हणतो.

गालफड

बोटॉक्स दोनदा घेतलं, म्हणून लिहिते. आठ-दहा दिवसांनी गालाचा स्नायू ढिला पडला, दुखणं बऱ्यापैकी कमी. साडेतीन महिन्यांनी पहिल्यासारखं. दुसऱ्या वेळी तेवढा फरकही नाही. तोपर्यंत चावताना जबडा लवकर थकतो आणि हसू थोडं वाकडं येतं. फोटोत दिसतं, मला तरी दिसतं. स्नायूवर ताण न आल्याने जबड्याच्या हाडावर काय परिणाम होतो यावर अजून अभ्यास चालू आहेत असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, ते मला आवडलं. तिसऱ्यांदा घेणार नाही.

चौकस

आणि सुया? कटकट_नको यांना सुया सुचवल्यात. मागच्या वर्षी माझ्या भावाच्याही जबड्यात सुया घातल्या, त्याला दुसऱ्या दिवशी तोंड उघडता आलं. तर अ‍ॅक्युपंक्चर पहिल्या क्रमांकावर का नाही?

दातओठ

भावाला विचारा, सांध्यात इंजेक्शन देऊन बधिर केलं होतं का आणि सुया दोनच होत्या का? असतील तर ते अ‍ॅक्युपंक्चर नाही, आर्थ्रोसेंटेसिस. एका सुईतून सांध्याच्या वरच्या कप्प्यात सलाइन सोडायचं, दुसरीतून बाहेर काढायचं. सांधा धुऊन काढणं. १९९१ मध्ये डॉरिट निट्झान आणि सहकाऱ्यांनी अचानक अडकलेल्या जबड्यांसाठी याचं वर्णन केलं. टाके नाहीत, चिरा नाही, तरी ते शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावरचं आहे. जुन्या दुखण्यासाठी सरसकट करू नये असं तो बीएमजेचा लेख म्हणतो. अडकलेल्या सांध्यात व्यायामांनी काहीच हललं नाही तर मी पाठवतो.

अ‍ॅक्युपंक्चर त्या यादीत 'करून बघायला हरकत नाही' या मधल्या पंगतीत आहे.

चौकस

विचारलं. दोनच होत्या. एवढे दिवस तो सगळ्यांना अ‍ॅक्युपंक्चर सांगत फिरतोय.

बिनकामाचा

आता अख्ख्या नात्यागोत्यात सुया टोचून झाल्या असतील.

उशाशी_पुस्तक

मला सीबीटीबद्दल लिहायचंय, कारण ते कुणीच लिहिणार नाही.

डॉक्टरांनी मानसोपचाराची चिठ्ठी दिली तेव्हा मी ती फाडली होती. दुखतंय गालात आणि हे म्हणतात डोक्यात. सहा महिन्यांनी गेले, तेही दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून. पहिल्या भेटीत बाईंनी एवढंच सांगितलं: दर तासाला वही उघडा, दुखणं दहापैकी किती ते लिहा आणि त्या क्षणी काय करत होता ते लिहा. दोन आठवड्यांनी वही बघितली तर सगळे सात-आठ एकाच प्रकारच्या कामाशेजारी. आकड्यांच्या शीट्स. माणसं नाहीत, भांडणं नाहीत, बारीक आकडे. मी स्क्रीनकडे मान काढून, श्वास धरून, दात आवळून बसायचे. घरातल्या कटकटींमुळे दुखतंय असं मी वर्षभर समजत होते.

मग पुढचं सगळं कंटाळवाणं होतं. वीस मिनिटांनी उठणं, श्वास सोडणं, झोपेची वेळ ठरवणं, 'हा कधीच बरा होणार नाही' हे वाक्य मनात आलं की ते लिहून त्याच्यासमोर खरी वस्तुस्थिती लिहिणं. दहा भेटी. दुखणं संपलं नाही, सातचं तीन झालं आणि मी त्याच्यावर विचार करणं सोडलं.

चौकस

पण मग दुखणं मनातच होतं असं नाही का ठरत?

उशाशी_पुस्तक

दात आवळणारा स्नायू मनात नाही, गालात आहे. आवळायचा हुकूम कुठून येतो ते शोधलं, एवढंच.

दातओठ

याला जोडून. अमेरिकेत २००६ मध्ये 'ऑपेरा' नावाचा अभ्यास सुरू झाला. जबडा दुखत नसलेले लोक घेऊन त्यांच्यातल्या कुणाला पुढे दुखणं लागतं यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. ज्यांना आधीच पाठ, डोकं, पोट असं दुसरीकडे दुखत होतं, ज्यांची झोप बिघडत चालली होती, त्यांना जास्त प्रमाणात लागलं. त्यामुळे माझ्याकडे जबडा घेऊन येणाऱ्याला मी आता झोपेबद्दल विचारतो. घोरणं, मध्येच दचकून जाग येणं असेल तर आधी ते तपासायला पाठवतो.

कटकट_नको

सगळ्यांचे आभार, एवढं कुठल्याच दवाखान्यात कुणी बोललं नाही. हनुवटी उजवीकडे झुकते, अगदी स्पष्ट. पट्टीने मोजलं, वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये २७ मिलिमीटर. फिजिओची वेळ घेतली आहे. दाढा घासायची अपॉइंटमेंट रद्द केली. रिसेप्शनवरच्या मुलीने कारण विचारलं तर मला नीट सांगता आलं नाही, 'प्रवासाला जातेय' म्हणाले.

गोळ्यांचं कुणी लिहिलं नाही. मी दुखलं की आयब्युप्रोफेन घेते.

दातओठ

'दुखलं की' वर्षभर, हे बरं नाही. पोट, मूत्रपिंडं आणि रक्तदाब तिघांवर ताण येतो. दुखणं उसळलं असताना आठ-दहा दिवस डॉक्टरांना विचारून नियमित, मग बंद, असं जास्त उपयोगी पडतं. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या थोड्या दिवसांसाठी. जुन्या दुखण्यात रात्री अगदी कमी मात्रेत नैराश्यावरचीच एक गोळी, अ‍ॅमिट्रिप्टिलीन काही डॉक्टर देतात, झोपही लागते, सकाळी तोंड कोरडं पडतं. उलट्या बाजूने, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी दात आवळणं वाढू शकतं. तसं वाटलं तर गोळी स्वतःहून बंद न करता लिहून देणाऱ्याला सांगा.

आणि हे कुणीही वाचून सोडू नका. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला नव्याने कानशिलं दुखायला लागली, केस विंचरताना टाळू हुळहुळते, चावत असताना जबडा थकून दुखतो आणि थांबलं की राहतो, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्तवाहिन्यांचा एक आजार असतो, त्यात नजर जाऊ शकते. जिना चढताना जबडा दुखतो आणि बसलं की थांबतो, ते हृदयाचं असू शकतं. ताप, गालावर सूज, बधिरपणा, वाढत जाणारी गाठ, विजेसारखी क्षणभराची कळ, यातलं काहीही व्यायामांवर ढकलू नका.

रात्रपाळी

दिवसभर टिकल्यांचा प्रयोग करून बघितला. मी फोनवर बोलताना, म्हणजे समोरचा बोलत असताना, दात आवळतो. चार वर्षांत पत्ता नव्हता. स्प्लिंट मात्र सोडणार नाही.

हाडवैर

सोडू नका. टिकल्या वाढवा.

कटकट_नको

नऊ आठवड्यांनी धागा वर काढतेय.

फिजिओकडे सात वेळा गेले. पहिल्या दोन वेळा अंगठा दाढेवर ठेवून ओढलं तेव्हा रडू आलं, दुखण्यापेक्षा भीतीने. घरी व्यायाम दिवसातून तीनदा, सहा वेळा नाही, हाडवैर, खरं सांगते. स्प्लिंट चालू ठेवलाय, पण आता त्याच्याकडून फार अपेक्षा नाही. गोळ्या गेल्या महिनाभरात दोन. मध्ये एक आठवडा परत बिघडलं, ऑडिटचा होता, उशाशी_पुस्तक यांची वही तेव्हा सुरू केली.

सोमवारी मोजलं तर ३६. तीन बोटं मावतात, तिसरं जरा ढकलून. आणि काल रात्री जांभई आली तेव्हा उजव्या कानापुढे टक्‌. मी दचकून हात लावला, दुखलं नाही. परत तोंड उघडलं, परत टक्‌, आणि ३९. फिजिओंना रात्री अकरा वाजता मेसेज केला. त्यांनी फक्त अंगठा पाठवला.

दातओठ

डोकं पुन्हा चकतीवर चढायला लागलंय. वाजू द्या. मुद्दाम वाजवून बघत बसू नका, आणि जांभई येताना हनुवटीखाली मूठ ठेवा.

बिनकामाचा

ताई, आता आयडी बदला.

कटकट_नको

अर्ज टाकलाय. संपादकांचं उत्तर नाही अजून.